बारा तासांचा काळा रंग

‘माझे केस काही उन्हानं पांढरे झालेले नाहीत’ असं आपल्याकडची वडीलधारी माणसं ऐकवतात. बोलताना पांढरा केस हा शहाणपणाचा दाखला असतो. आरशात तो दिसला की मात्र झाकायची धडपड सुरू होते. ही धडपड आमच्या घरात एकदा चांगलीच महागात पडली, आणि त्यातूनच या लेखाचा विषय माझ्या मागे लागला.

माझं माहेर मैंदर्गीचं. अक्कलकोटच्या पुढे, कर्नाटकाच्या सीमेला टेकलेलं हे गाव. घरात कन्नड, बाजारात मराठी आणि भांडणात दोन्ही. आईला आम्ही अव्वा म्हणतो. भावाची बायको, म्हणजे वहिनी, मला अक्का म्हणते. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या साखरपुड्याच्या आदल्या दिवशी वहिनीनं नेहमीप्रमाणे ‘काळी मेंदी’ लावली. गेली चार वर्षं ती हीच लावत होती. रात्री कपाळाला आणि कानामागे खाज सुटली. पहाटेपर्यंत पापण्या इतक्या सुजल्या की डोळे उघडेनात. साखरपुडा तिच्याशिवाय झाला. तिला घेऊन मी सोलापूरला त्वचारोगाच्या डॉक्टरांकडे बसले होते.

डॉक्टरांनी पाकीट मागितलं. पुढच्या बाजूला हिरवं पान आणि मेंदी रंगलेला हात, तर मागच्या बाजूला मुंगीच्या पायासारख्या अक्षरात घटकांची यादी. त्या यादीत एक नाव होतं, पॅरा-फेनिलीनडायअमीन. मी तीस वर्षं महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवलं. हे नाव फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, पण ते माझ्याच घराच्या मोरीत, मेंदीच्या पाकिटात असेल, हे कधी मनात आलं नव्हतं.

‘आता हे द्रव्य आयुष्यभर वर्ज्य,’ डॉक्टर म्हणाले. सूज आठवड्यात उतरली. लग्न पाच महिन्यांवर होतं. वहिनी म्हणाली, ‘अक्का, पोरीच्या लग्नात मी पांढरं डोकं घेऊन उभी राहू व्हय? तुम्ही एवढं केमिस्ट्री शिकवलंत, झाडपाल्याचं काहीतरी बघा की.’ अव्वाचा प्रश्न वेगळा होता. ‘आमच्या वेळी मेंदी लावून कुणाचं तोंड सुजलं नाही. ही कसली मेंदी?’

वहिनीच्या मागणीचं उत्तर अव्वाच्या प्रश्नातच होतं. ते शोधायला मला काही महिने लागले.

गुंतवळाची प्रयोगशाळा

वहिनीच्या डोक्यावर प्रयोग करणं शक्य नव्हतं. पण अव्वाकडे पांढऱ्या केसांचा साठा होता. केसांवर भांडी देणारी बाई वर्षातून एकदोनदा गावात येते. तिच्यासाठी अव्वा विंचरल्यावर निघालेलं गुंतवळ एका डब्यात साठवते. तो डबा मी मागून घेतला. केस रिठ्याच्या पाण्यानं धुतले, सुटे केले आणि दोऱ्यानं बांधून त्यांच्या लहान लहान जुड्या केल्या.

केस ही मेलेली वस्तू आहे, हे आधी लक्षात घ्यायला हवं. तो केरॅटिन नावाच्या प्रथिनाचा बनलेला असतो. नख आणि मेंढीची लोकरही त्याचीच. त्याला काळेपणा देणारं मेलॅनिन त्वचेच्या आत, केसाच्या मुळाशी तयार होतं. तिथल्या पेशी थकल्या की केस पांढराच उगवतो. एकदा बाहेर आलेल्या पांढऱ्या केसात मेलॅनिन पुन्हा भरता येत नाही. म्हणून कोणतंही तेल चोळून पांढरा केस काळा होत नाही. उरतो एकच मार्ग, लोकर रंगवतात तसा केस रंगवणं. आमच्या भागातल्या घोंगडीला रंग लागत नाही, कारण काळ्या मेंढीची लोकर मुळातच काळी असते. पांढऱ्या लोकरीला मात्र रंगाऱ्याकडे जावंच लागतं. आपलं पांढरं डोकंही त्याच रांगेत उभं आहे.

मेंदी काळी नसते

पहिली जुडी मेंदीची. वहिनीनं लगेच जवळच्या आवारातल्या मेंदीच्या कुंपणाची आठवण केली. कुंपण पाहिलं तर ती कोयनेल निघाली. बागांच्या कडेला कापून चौकोनी केलेल्या कोयनेलला आणि तसल्याच इतर झुडपांना आपण सरसकट मेंदी म्हणतो. त्यांच्यात रंगाचा अंशही नसतो. खरी मेंदी म्हणजे लॉसोनिया इनर्मिस. आयझॅक लॉसन या वैद्याच्या सन्मानार्थ लिनियसनं तिला हे नाव दिलं. ओळखायची साधी खूण अशी की पान लिंबाच्या थेंबासह चुरडून तळहातावर ठेवायचं. काही वेळानं नारिंगी डाग पडला तर ती खरी मेंदी.

भारतातली बरीचशी मेंदी राजस्थानात, पाली जिल्ह्यातल्या सोजत परिसरात होते. ‘सोजत मेंदी’ला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पानात रंगद्रव्य असतं साधारण एक टक्का. त्याचं नाव लॉसोन. ताज्या पानात ते साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं. पानांची पूड आंबटसर कोमट पाण्यात भिजली की ते हळूहळू सुटं होतं. म्हणून मेंदी रात्रभर भिजवायची. सुटा झालेला लॉसोनचा रेणू केसातल्या प्रथिनाशी रासायनिक बंध जोडतो. तो केसावर नुसता बसत नाही, केसाला चिकटतो. म्हणूनच मेंदीचा रंग सहजासहजी धुऊन जात नाही.

पण हा रंग नारिंगी-तांबडा असतो. तीन तासांनी धुतलेली अव्वाच्या केसांची जुडी आधी गाजरासारखी दिसली आणि दोन दिवसांनी हवेत मुरून तांबूस-तपकिरी झाली. काळी झाली नाही, आणि होणारही नव्हती. लॉसोन काळा नाही. म्हणजे ‘काळी मेंदी’ हे नावच फसवं आहे. मेंदीचं पाकीट केस काळे करत असेल, तर ते काम मेंदी करत नाही, तिच्या सोबतीला घातलेलं दुसरं काहीतरी करतं.

वराहमिहिराची कढई

मग झाडपाल्यातून काळा रंग येतच नाही का? येतो, आणि त्याची कृती आपल्याकडे फार जुनी आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराला आपण ज्योतिषी म्हणून ओळखतो. पण त्याच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांवरचं ‘गंधयुक्ती’ नावाचं प्रकरण आहे, आणि त्याची सुरुवातच पांढऱ्या केसांपासून होते. डोकं पांढरं असेल तर फुलं, अत्तरं, वस्त्रं, दागिने यांना शोभा येत नाही, म्हणून आधी केस रंगवा, असा त्याचा व्यवहारी सल्ला आहे. वहिनी आणि वराहमिहिर यांचं या बाबतीत एकमत दिसतं.

पुढे कृती येते. कोद्रूचे दाणे लोखंडाच्या भांड्यात, लोखंडाच्या चुऱ्यासह, आंबवलेल्या पाण्यात शिजवायचे. वाटून तो लेप डोक्याला लावायचा आणि ओल्या पानांनी डोकं बांधायचं. दोन प्रहरांनी तो काढून आवळ्याचा लेप लावायचा, पुन्हा पानं बांधायची, पुन्हा दोन प्रहर थांबायचं. धुतल्यावर केस काळे. प्रहर तीन तासांचा धरला तर एकूण बारा तास झाले. त्यानंतर लोखंडाचा आणि आवळ्याचा वास घालवायला सुगंधी स्नान सांगितलं आहे. म्हणजे लिहिणाऱ्याला त्या वासाची चांगलीच माहिती होती.

ही कृती वाचून माझ्यातली शिक्षिका जागी झाली. आंबट पाण्यात लोखंड थोडं विरघळतं. ते केसात मुरतं. मग आवळ्यातलं टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, त्या लोहाशी संयोग पावतं आणि हवेत काळंभोर होतं. हीच शाईची रीत आहे. टॅनिन आणि हिराकस यांच्या शाईनं युरोपात शतकानुशतकं दस्तऐवज लिहिले गेले. आपले रंगारी हिरडा आणि हिराकस वापरून कापड काळं करत, तेही याच तत्त्वावर. वराहमिहिर केसांवर जागच्या जागी शाई तयार करत होता. आपल्या आज्या मेंदी आणि आवळकाठी लोखंडी कढईत रात्रभर भिजवत, ती याच कृतीची घरगुती आवृत्ती म्हणायची.

दुसरी जुडी मी कढईतल्या मिश्रणात बुडवली. ती गडद तपकिरी, जवळजवळ काळपट झाली. पण हाताला केस राठ लागले आणि दहा धुण्यांनंतर काळपटपणा उतरून मेंदीचा तांबडेपणा वर आला. लोह-टॅनिनचा थर केसावर बसतो, लॉसोनसारखा प्रथिनाशी पक्का जोडला जात नाही.

निळीची जोड

तिसऱ्या जुडीनं उत्तर दिलं, आणि ते सोलापूरला नवं नाही. हा गिरण्यांचा आणि मागांचा जिल्हा. गिरण्या येण्याच्या आधीपासून इथे निळीनं सूत रंगवणारे कारागीर होते. त्यांना निराळी म्हणत, कर्नाटकाच्या बाजूला नीलगार. कामावरून जातीला नाव पडलं, एवढा निळीचा व्यवहार मोठा होता. निळीच्या पिंपातून सूत बाहेर येतं तेव्हा ते पिवळट-हिरवं असतं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. ज्यानं हे पाहिलंय, त्याला केसांवरची नीळ समजावून सांगावी लागत नाही.

निळीच्या पानात इंडिकन असतं, तेही साखरेला बांधलेलं. पानांची पूड पाण्यात कालवली की पानातलंच विकर, म्हणजे एन्झाइम, त्याला सुटं करतं. सुटं झालेलं इंडॉक्सिल रंगहीन असतं. हवेतला प्राणवायू मिळाला की त्याचे दोन दोन रेणू जोडले जाऊन न विरघळणारी निळी नीळ बनते. हे जोडणं केसात शिरल्यावर व्हायला हवं, भांड्यात नव्हे. म्हणून नीळ रात्रभर भिजवायची नसते आणि तिच्यात लिंबूही पिळायचं नसतं. कोमट पाण्यात कालवून दहा-पंधरा मिनिटांत, वरची हिरवी साय निळसर होऊ लागली की लावायची. मेंदीला थांबवून ठेवावं लागतं, निळीला थांबवलं की ती वाया जाते. लोकांची निळीबद्दलची निम्मी तक्रार एवढ्याच चुकीतून येते.

नुसती नीळ पांढऱ्या केसाला निळसर-हिरवट झाक देते. आधी मेंदीचा नारिंगी आणि त्यावर नीळ, असं केलं की दोन्ही रंग मिळून गडद तपकिरी ते काळा रंग येतो. इराणकडून आलेल्या ‘वसमा’ या शब्दामागे हीच निळीची पानं आहेत. मेंदीवर वसमा लावण्याची रीत पश्चिम आशियात आणि आपल्याकडेही जुनी आहे. केसांसाठीची निळीची पूड आज मुख्यतः तमिळनाडूतून, तिंडिवनमच्या परिसरातून येते.

माझी तिसरी जुडी धुतल्यावर हिरवट दिसली, तेव्हा वहिनीचा चेहरा पडला. दुसऱ्या दिवशी ती काळसर झाली, तिसऱ्या दिवशी जांभळाच्या सालीसारखी. दहा धुण्यांनंतरही तिचा रंग फारसा उतरला नाही.

बाकीच्या जुड्यांचं थोडक्यात सांगते. माका, म्हणजे भृंगराज, आमच्या ओढ्याकाठी भरपूर. अव्वा त्याला गरग म्हणते. त्याचा रस बोटांना काळपट लागतो आणि गोंदणाऱ्यांनी तो पूर्वी वापरलाही आहे. पण केसांच्या जुडीवर तो चार धुण्यांत गेला. बीट, जास्वंद आणि हळद यांचा रंग त्याहूनही आधी उतरला. चहा-कॉफीनं जुडी मळकट झाली, एवढंच. ही द्रव्यं डोक्याला सुखावत असतील, पण त्यांना कलप म्हणता येणार नाही.

अर्ध्या तासाचं रहस्य

आता अव्वाचा प्रश्न. ही कसली मेंदी? उत्तरासाठी एकोणिसाव्या शतकात जावं लागतं. १८५६ मध्ये विल्यम पर्किन या तरुण इंग्रज रसायनज्ञाला कोळशाच्या डांबरातल्या द्रव्यांपासून जांभळा रंग मिळाला आणि कृत्रिम रंगांचं युग सुरू झालं. त्याच युगात जर्मनीच्या अॅडॉल्फ फॉन बायर यांनी १८८० मध्ये प्रयोगशाळेत नीळ बनवली आणि १८९७ मध्ये ती कारखान्यातून बाजारात आली. भारतातली नीळ त्यानंतर बसली. १९१७ मध्ये गांधीजी चंपारणला गेले ते निळीच्या शेतकऱ्यांची कैफियत ऐकायला, पण तोवर कारखान्याच्या निळीनं शेतातल्या निळीचे दिवस भरवले होते.

पॅरा-फेनिलीनडायअमीन, थोडक्यात पीपीडी, हे त्याच डांबरी कुटुंबातलं. त्याचे केस रंगवण्यासाठीचे पेटंट १८८० च्या दशकातले. १९०७ मध्ये पॅरिसमध्ये युजीन श्युलर या रसायनज्ञानं कृत्रिम कलप विकायला सुरुवात केली आणि पुढे हा मोठा उद्योग झाला. त्याची युक्ती हुशारीची आहे. पीपीडीचे रेणू लहान आणि रंगहीन असतात. अमोनियानं केसाचे खवले उघडतात, लहान रेणू आत शिरतात, पेरॉक्साइड त्यांना आतच एकमेकांना जोडतं. मोठे झालेले रंगीत रेणू मग बाहेर पडू शकत नाहीत. अर्ध्या तासात काळा, स्वस्त, पक्का. पुड्यांमधल्या ‘काळ्या मेंदीत’ही हेच घडतं. मेंदीच्या पुडीत पीपीडी आणि कोरडं ऑक्सिडीकारक मिसळलेलं असतं, पाणी घातलं की क्रिया सुरू. मेंदी तिथे सोबतीला असते, कधी कधी नावापुरती.

पुष्कळ लोक पीपीडी वर्षानुवर्षं लावतात आणि त्यांना काही होत नाही. पण त्वचेची प्रतिकारव्यवस्था त्याला कधी ‘ओळखेल’ हे सांगता येत नाही. आज काही झालं नाही म्हणून उद्या होणार नाही असं नाही. वहिनीला चार वर्षं काही झालं नव्हतं, ते याचमुळे. एकदा ही ओळख पटली की ती बहुधा जन्मभराची असते. पुढे कापडाचे काही रंग आणि बधिर करण्याची काही औषधंही त्या माणसाला त्रास देऊ शकतात. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २००६ साली पीपीडीला ‘वर्षातलं अॅलर्जीकारक द्रव्य’ ठरवलं होतं.

आपला कायदाही गप्प नाही. पीपीडी असलेल्या कलपाच्या वेष्टनावर इशारा छापावा लागतो. काहींच्या त्वचेला यानं त्रास होऊ शकतो, आधी चाचणी घ्यावी आणि भुवया-पापण्यांना लावू नये, कारण त्यानं अंधत्व येऊ शकतं, असा त्याचा आशय आहे. तो इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत असावा असंही नियम सांगतो. म्हणजे माझा आक्षेप पीपीडी विकण्याला नाही. त्याला हिरव्या पानामागे लपवण्याला आहे. कलप घेतोय हे ठाऊक असणारी बाई कानामागे थेंब लावून पाहील. मेंदी घेतोय असं वाटणारी कशाला पाहील?

वहिनीचं डोकं

एवढं झाल्यावर वहिनीनं डोकं माझ्या हवाली केलं. आधी कानामागे दोन्ही लेप थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहिली, कारण पाकिटावरच्या ‘शुद्ध’ या शब्दावर आता आमचा विश्वास उरला नव्हता. पुड्या घेतानाही घटकांत एकाच वनस्पतीचं नाव आहे ना, हे पाहिलं. मेंदी कोमट पाणी आणि लिंबाच्या रसात रात्रभर भिजवली, सकाळी लावली, तीन तासांनी नुसत्या पाण्यानं धुतली. केस वाळल्यावर नीळ कालवली, लगेच लावली आणि दोन तास ठेवली. दोन दिवस साबण लावला नाही. भिजवण्यापासूनचे तास मोजले तर वराहमिहिराच्या बारा तासांपेक्षा जास्तच भरले.

वनस्पतीही सगळ्यांना निरुपद्रवी नसते, हे इथे सांगायला हवं. काहींच्या रक्तात जी-६-पीडी या विकराची जन्मतः कमतरता असते. अशांना, विशेषतः तान्ह्या बाळांना, शुद्ध मेंदीनंही रक्तपेशी फुटण्याचा धोका असतो. क्वचित कुणाला निळीचीही अॅलर्जी असते. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, म्हणजे मुळाशी पांढरी रेघ दिसणारच. मेंदी-निळीचं काम महिना-दीड महिन्यानं पुन्हा करावं लागतं, आणि त्यात एक आख्खा दिवस जातो. ज्या बाईला तेवढा दिवस मोकळा मिळत नाही तिनं पाकीट उचललं, तर तिला नावं ठेवायचा अधिकार मला नाही. तिला पाकिटात काय आहे ते सांगायला मात्र हवं.

लग्नात वहिनीचे केस मांडवात काळे दिसत होते, उन्हात आलं की किंचित तांबूस. अव्वा आपलं पांढरं डोकं घेऊन पहिल्या रांगेत बसली होती. जेवणाच्या पंगतीत एका पाहुणीनं वहिनीला विचारलं, ‘कुठलं पाकीट हो?’ वहिनीनं तिला मेंदी, नीळ, कानामागची चाचणी, सगळं सांगितलं. ‘दोन दिवस लागतात,’ असं शेवटी म्हणाली. पाहुणी हसली. ‘एवढा वेळ कुणाला आहे, बाई?’

वहिनी म्हणाली, ‘मला पण नव्हता.’